मोटारसायकलवर पुन्हा बसताना

क्लच, गिअर आणि तोल या गोष्टी शरीर सहसा विसरत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतरही बहुतेकांना पहिल्या अर्ध्या तासात गाडी बरी चालवता येते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हात-पाय जुन्या सवयीने चालू लागले की आत्मविश्वास लगेच परत येतो. पण पुढची गाडी किती लांब आहे, चौकात कोण आडवं येणार, जोरात ब्रेक लावताना पुढच्या चाकाला किती सोसेल, हा अंदाज इतक्या लवकर परत येत नाही. या दोन वेगांमधलं अंतर हाच पुन्हा सुरुवात करणाऱ्याचा खरा धोका आहे. पहिल्या दिवशी माणूस घाबरून जपून चालवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो जपणं सोडतो, तेव्हा जास्त सांभाळायला हवं.

अमेरिकेत १९८१ साली आलेल्या हर्ट अहवालासाठी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. त्या चालकांचा एकूण अनुभव सरासरीने तीन वर्षांच्या आसपास होता, पण निम्म्याहून अधिक जणांचा अपघातातल्या त्या गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही. खंडानंतर परतणारा माणूस याच गटात मोडतो. अनुभव आहे, पण हाताखालच्या गाडीची ओळख नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्वतःची तपासणी, मग साहित्य, मग गाडी, मग मोकळं मैदान आणि शेवटी रस्ता. मैदानाची पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ती गाळू नका.

शरीराची तयारी

डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अंधारातलं दिसणंही कमी होतं आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा असेल तर तो हेल्मेट घालून लावून पाहा. हेल्मेटमुळे चष्मा थोडा वर सरकला तर दूरचा रस्ता काचेच्या चुकीच्या भागातून दिसतो.

मान किती वळते तेही पाहा. गाडीवर बसून, खांदे न हलवता, हनुवटी दोन्ही खांद्यांकडे न्या. मागून येणारं वाहन आरशाच्या कोपऱ्यात लपतं आणि ते पाहायला मान वळवावीच लागते. ती वळत नसेल तर दोन-तीन आठवडे रोज हलका व्यायाम करा आणि तोवर अनेक लेनच्या रस्त्यावर जाऊ नका. डाव्या हाताची पकड कमी झालेली असते, ती गर्दीत वारंवार क्लच दाबताना कळते. रबरी चेंडू दाबण्याचा साधा व्यायाम पुरतो.

सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. नियमित औषधं चालू असतील तर गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. परवान्याची मुदत, तो त्या प्रकारच्या गाडीला चालतो की नाही, आणि विमा, या तीन गोष्टी मैदानाबाहेर पडण्याआधीच मिटवून टाका.

हेल्मेट आणि कपडे

माळ्यावरचं जुनं हेल्मेट वापरू नका. बाहेरून चकाकत असलं तरी आतलं थर्माकोलसारखं अस्तर, गोंद आणि गाद्या वयाने आणि घामाने खराब होतात. बहुतेक उत्पादक सुमारे पाच वर्षांच्या वापरानंतर हेल्मेट बदलायला सांगतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट तर त्याच दिवशी निकामी समजायचं.

नवं घेताना ते घालून दहा मिनिटं बसा. गाल हलके दाबले जावेत, डोकं हलवल्यावर हेल्मेटही त्याबरोबर हलावं, पण कपाळावर एका ठिकाणी टोचायला नको. टोचत असेल तर माप नाही, आकार चुकला आहे. मग मोठं माप न घेता दुसरं मॉडेल पाहा. पट्टा बांधून मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. ते निघालं तर अपघातातही निघेल. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. ईसीई २२.०६ या मानकाच्या चाचण्यांत तिरक्या आघाताचीही चाचणी असते, त्यामुळे निवड असेल तर त्याला पसंती द्या. ओरखडे पडलेली काच दिवसा चालून जाते, पण रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्यात फुटतो. ती बदला.

जुन्या बुटांचे तळवे हाताने वाकवून पाहा. पॉलियुरेथेनचे तळवे न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात आणि पहिल्याच दिवशी तुकड्यांनी गळून पडतात. पाय टेकताना तळवा सुटला तर गाडी आडवी होते. बूट घोटा झाकणारे हवेत आणि नाड्यांची टोकं आत खोचलेली हवीत. हातमोज्यांना मनगटावर पट्टा हवा, कारण सैल हातमोजा घसरताना निघून जातो. ताशी ८० किलोमीटरच्या वर हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज कानांना इजा करण्याइतका असतो. लांब जाणार असाल तर कानात फोमचे बोळे घाला.

गाडी कोणती घ्यावी

पूर्वीची गाडी राहिली नसेल तर नवी निवडताना वयाला शोभेल अशी मोठी गाडी घेण्याचा मोह होतो. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी हलकी आणि बुटकी गाडी घ्या. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकावेत, एक पाय पूर्ण टेकावा आणि बंद गाडी उतारावर मागे ढकलता यावी, एवढ्या तीन कसोट्या दुकानातच लावा. जड गाडी वेगात फारशी जाणवत नाही, ती जाणवते पार्किंगमध्ये, यू-टर्नला आणि खडी पसरलेल्या उतारावर. परतणाऱ्यांच्या गाड्या पडतात त्याही याच ठिकाणी.

गिअरची मांडणी चालवण्याआधी विचारून घ्या. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. त्यावर शिकलेला माणूस घाईत चुकीचा पाय दाबतो. आज बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात, पण काही लहान गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेने पडतात. जुनी सवय वेगळी असेल तर गाडी उभी असतानाच खालचा-वरचा गिअर मोठ्याने म्हणत पन्नासेक वेळा पाय चालवा.

एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, सवयही नव्याने करावी लागते. पूर्वी ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडा दाब, थोडा सोड असं शिकवलं जायचं. एबीएस असलेल्या गाडीत तसं केलं तर थांबायचं अंतर वाढतं. ब्रेक घट्ट दाबून धरायचा. लिव्हर हाताखाली थडथडते, ती बिघडलेली नसते. गाडीत एबीएस दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हे बघून ठेवा. साधं एबीएस गाडी सरळ असताना नीट काम करतं. कललेल्या गाडीला ते सावरेलच याची खात्री नाही.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी सुरू करताना

पहिली चूक म्हणजे बॅटरी आणून सेल्फ मारणं. कोरड्या सिलिंडरवर पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात, टाकीतला गाळ पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, म्हणजे जेटमध्ये, जातो आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलं असेल तर तेही आत ओढलं जातं. आधी सीट काढा, फिल्टरचा डबा उघडा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा आणि वायरिंगवर दातांच्या खुणा शोधा.

मग पेट्रोल. ते काही महिन्यांतच शिळं होऊ लागतं. वर्षानंतर त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो. पुरवठा तळाकडूनच होत असल्यामुळे इंजिनला आधी तोच मिळतो. टाकी पूर्ण रिकामी करा, आत टॉर्चने पाहा. नुसती लालसर झाक असेल तर धुऊन, पेट्रोल कॉकची जाळी साफ करून चालेल. पापुद्रे सुटत असतील तर गंज काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा तुंबेल.

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सैल करून बघा. हिरवट किंवा तपकिरी चिकट गाळ आला तर कार्ब्युरेटर उघडावाच लागेल. सगळ्यात बारीक भोक पायलट जेटचं असतं, म्हणून तो आधी तुंबतो. मग गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. जेट क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. पोलादी तार किंवा सुई घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक केस वापरा. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा. तो आला नाही तर फ्यूज आणि मग पंप, या क्रमाने पाहा.

आता सिलिंडर. प्लग काढा आणि त्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल आत सोडा. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. इंजिन सलग फिरलं तर उत्तम. मध्येच टणक अडलं तर किकवर उभं राहून जोर करू नका. अडकलेली रिंग किंवा व्हॉल्व्ह मोडेल आणि छोटं काम मोठं होईल. मोकळं फिरल्यावर चावी बंद ठेवून आठ-दहा किका मारा, भोकावर फडकं धरा. जादा ऑइल बाहेर उडेल. सेल्फनेच फिरवायचं असेल तर प्लग त्याच्या टोपीत बसवून, भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. उघड्या सर्किटने इग्निशनचं युनिट जळू शकतं आणि भोकाजवळची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पेटवू शकते.

इंजिन ऑइल आणि फिल्टर सुरू करण्याआधीच बदला. जुन्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्लं साठलेली असतात. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा मोटारसायकलच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला पाहा. कारसाठीच्या, घर्षण कमी करणाऱ्या ऑइलने क्लच प्लेटा घसरू लागतात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा एकदा बदलावं. आतला साठलेला मळ तेव्हा बाहेर येतो.

बॅटरी मल्टीमीटरने मोजा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली ती रिकामी समजा, आणि १०.५ च्या आसपास अडकली असेल तर बहुधा एक सेल गेलेला असतो. मग चार्जिंगमध्ये वेळ घालवू नका. चार्ज करायची असेल तर क्षमतेच्या एक-दशांश करंटने करा: ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.५ अँपिअर. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लागतो. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह.

ब्रेकवर घाई नको

इंजिन नीट झालं नाही तर गाडी घरी राहते. ब्रेक नीट झाले नाहीत तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. डिस्क ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डीओटी ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरतो. लांब उतारावर तेल उकळतं, नळीत वाफ होते आणि लिव्हर एकदम हँडलला टेकते. दर दोन वर्षांनी बदलायचं तेल तुमच्या गाडीत कितीतरी जुनं असेल, तेव्हा रंग कसाही असो, पूर्ण बदला. झाकणावर लिहिलेलाच दर्जा वापरा. डीओटी ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

चाक उचलून फिरवा. ब्रेक दाबून सोडल्यावर ते पुन्हा मोकळं फिरायला हवं. अडखळत असेल तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन गंजून अडकला आहे किंवा पिना सुकल्या आहेत. मळलेला पिस्टन तसाच आत ढकलू नका, मळाने सील फाटते. आधी ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. रबरी नळीवर भेगा असतील किंवा ब्रेक दाबताना ती फुगत असेल तर ती बदला. डिस्कवर कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती व्हर्निअर मोजपट्टीने तपासून पाहा.

ड्रम ब्रेक वरून ठीक वाटले तरी उघडाच. गोंदाने चिकटवलेला लायनर फार जुना झाला की ब्रेक-शूपासून सुटतो आणि ड्रममध्ये अडकून चाक जाम करू शकतो. आतली धूळ फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

टायर, चेन, केबल

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या टायरकडे संशयाने पाहा, दहा वर्षांचा असेल तर नक्षी कितीही खोल दिसली तरी बदला. रबर कडक होतं, आणि कडक रबर सुक्या रस्त्यावर चालून जातं, ओल्यावर धरत नाही. टायर बदलताना ट्यूब, रिमवरची रबरी पट्टी किंवा ट्यूबलेसचा व्हॉल्व्हही बदला. नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले दीडशे किलोमीटर गाडी फार कलवू नका. हवा थंड टायरमध्ये मोजा आणि आकडा गाडीवरच्या स्टिकरचा घ्या. टायरच्या बाजूवर असतो तो कमाल दाब.

चेनची ढील खालच्या बाजूला मध्यावर मोजतात. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत ती २५ ते ३५ मिलिमीटर असते, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांत जास्त. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी ताण आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेन विषम ताणली गेली आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्ध्याहून जास्त दात उघडा पडत असेल, किंवा दात एका बाजूला वाकडे झाले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. ओ-रिंगची चेन रॉकेलने पुसा, पेट्रोलने नको. मग ८०-डब्ल्यू-९० गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब लावा.

क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. केबलची टोकं उघडून बघा, एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला. ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडा. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असताना, तिन्ही वेळा तो खटकन परत यायला हवा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलं आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू होताना

गाडी उघड्यावर आणा. बंद जागेत सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. रेस करू नका, दोन-तीन मिनिटं आपल्या चालीने चालू द्या. थोडा निळसर धूर सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलचा असतो, तो पाच-दहा मिनिटांत थांबायला हवा. मग इंजिनचा वेग थोडा वाढवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा: १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावं. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब आहे आणि नवी बॅटरी उकळून जाईल.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. लांब काळ उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी झेपावते. म्हणून इंजिन बंद असतानाच गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून, गाडी पुढे-मागे हलवा. चाक मोकळं झालं नाही तर प्लेटा सुटलेल्या नाहीत. तशीच सुरू करून पुढे भिंत असलेल्या जागी गिअर टाकू नका.

मैदानावरचे तास

सुकी, स्वच्छ, सुमारे ८० मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागा शोधा. खुणेसाठी मऊ प्लास्टिकचे कोन पुरतात. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त सराव नको. थकलेला हात चुकीची सवय पक्की करतो.

सुरुवात इंजिन बंद ठेवून. गाडी ढकला, वळवा, स्टँडवर घ्या. डोळे मिटून इंडिकेटर, हॉर्न, डिपर आणि इंजिन बंद करायचं बटण शोधा. मग हाफ क्लच. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात न लावता, क्लच जिथे गाडीला ओढू लागतो तिथवर सोडा आणि परत दाबा. असं वीस-तीस वेळा केलं की त्या गाडीचा क्लच कुठे पकडतो हे हाताला कळतं.

पुढे संथ चाल: २० मीटर अंतर पाय न टेकता शक्य तितक्या हळू कापा. पंधरा सेकंदांच्या वर जमलं की चांगलं. ॲक्सिलरेटर थोडा आणि स्थिर, वेग हाफ क्लचने आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने सांभाळायचा. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक लावू नका. संथ वेगात गाडी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. यू-टर्न आधी मोठा घ्या, मग ७ मीटर रुंदीत आणा. नजर चाकाजवळच्या जमिनीवर नको, वळण जिथे संपणार तिथे हवी. हनुवटी खांद्यावरून न्या, गाडी मागोमाग येते. मग त्याच रुंदीत इंग्रजी आठचा आकडा, दोन्ही दिशांनी.

आता ब्रेक, आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर सरकतं, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण वजन सरकायला क्षणभर लागतो. लिव्हर एकदम आवळली तर पुढच्या टायरवर भार येण्याआधीच चाक अडकतं. आधी हलका दाब, पुढचा फोर्क दबल्याचं जाणवलं की वाढवत न्यायचं. मागचा ब्रेक त्याच वेळी, पण कमी, आणि शेवटाकडे आणखी कमी. नजर वर, गुडघे टाकीला आवळलेले, कोपर किंचित वाकलेले.

एका खुणेवर ब्रेक सुरू करा आणि थांबल्यावर अंतर पावलांनी मोजा. ताशी ३० वरून ६ मीटर, ४० वरून १० मीटर आणि ५० वरून १६ मीटर, एवढ्यात सलग पाच वेळा जमलं की पुढच्या वेगाकडे जा. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं हे तेव्हा आपोआप अंगात भिनतं. त्यात विचाराचा वेळ मिळवा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते आणि खंडानंतरच्या माणसाला निर्णयाला अर्धा सेकंद जास्त लागला तर आणखी ८ मीटर जातात. म्हणून गर्दीत दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवण्याची सवय मैदानातच लावा.

एबीएस नसेल आणि पुढचं चाक अडकलं तर लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा हळू दाबा. मागचं अडकलं आणि गाडी सरळ असेल तर पाय हळू सैल करा. मागचं चाक आडवं गेलेलं असताना ब्रेक झटकन सोडला तर टायर एकदम पकड घेतो आणि चालकाला पलीकडे फेकतो. तेव्हा दाब धरून गाडी सरळ रेषेत थांबू देणं जास्त सुरक्षित.

शेवटी बगल देणं. ताशी वीस-पंचवीसच्या वर गाडी वळते ती हँडलवर उलटा दाब दिल्याने: डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकला. वर्षानुवर्षं सगळे हे नकळत करत असतात, पण संकटात नकळतचा दाब कमी पडतो. ताशी ३५ ला एका कोनाकडे सरळ जा, एका बाजूची मूठ ठामपणे ढकला, मग दुसरी ढकलून सरळ व्हा. बगल देताना ब्रेक नाही, आणि ब्रेक लावताना बगल नाही. दोन्ही एकदम केलं तर टायरची पकड पुरत नाही.

रस्त्यावर

पहिल्या काही फेऱ्या दिवसा, सुक्यात, ओळखीच्या रस्त्यावर, अर्ध्या-पाऊण तासाच्या ठेवा. पुढच्या वाहनाशी तीन सेकंदांचं अंतर राखा: ते खांबापाशी पोचलं की मोजायला लागा, तुम्ही तीनच्या आत पोचलात तर मागे व्हा.

चौकात आडव्या रस्त्यावरचा चालक तुमच्याकडे बघतो, तरीही निघतो. मोटारसायकल अरुंद असल्यामुळे ती लांब आणि हळू येत असल्याचा भास होतो, शिवाय सरळ रेषेत येणारी अरुंद वस्तू पार्श्वभूमीत मिसळून जाते. त्याच्या डोळ्यांवर विसंबू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, ते फिरू लागलेलं आधी कळतं. चौकाआधी लेनमध्येच थोडं एका बाजूला सरकलात तर तुम्ही पार्श्वभूमीतून वेगळे दिसता.

वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ॲक्सिलरेटर स्थिर. वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं तर घाबरून ब्रेकला हात जातो आणि गाडी सरळ होऊन वळणाबाहेर जाते. त्याऐवजी वळणाच्या शेवटाकडे बघून आतल्या मुठीवर दाब वाढवा. गाडी चालकापेक्षा जास्त कलू शकते. पहिल्या पावसाच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ वर येते, तेव्हा शक्य असेल तर थांबा. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि सांडलेलं डिझेल सरळ राहून, ब्रेक न लावता ओलांडा.

थकवा अंगाला कळण्याआधी चालवण्यात दिसतो. इंडिकेटर चालूच राहिला, गिअर चुकला, ब्रेक उशिरा लागला, यातलं एक जरी दिसलं तरी थांबून पाणी प्या, पाय मोकळे करा.

रात्रीची फेरी दिवसाच्या आठ-दहा निर्धास्त फेऱ्यांनंतरच. मागे कुणाला बसवण्याआधी मैदानावरचा ब्रेकचा सराव पुन्हा एकदा करा. मागच्या माणसाच्या वजनाने मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) आणि टायरची हवा वाढवावी लागते, दिव्याचा झोतही खाली आणावा लागतो. घोळक्यात लांब जाणं सगळ्यात शेवटी, कारण घोळक्यात माणूस स्वतःच्या वेगाने चालत नाही.

गाडी पडलीच तर आधी इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे पडणार नाही. गिअरमध्ये ठेवा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने चौकटीचा मजबूत भाग धरा, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने छोटी पावलं मागे टाकत उभे व्हा. पाठीने ओढू नका.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी परत तपासा. नवी चेन या टप्प्यात सगळ्यात जास्त ताणते, म्हणून ढील पुन्हा लावा. आरे ढिले झाले का ते वाजवून बघा. फोर्कच्या नळीवर तेलाची कडी दिसते का पाहा; सुकलेलं सील चालवल्यावरच गळू लागतं, आणि ते तेल खाली उतरून पुढच्या डिस्कवर जातं. कडी दिसली तर सील बदलेपर्यंत गाडी काढू नका.